कुत्र्यासाठी दार, घरासाठी पडवी

सकाळी सातच्या आतली लोकल धरून बदलापूरहून मुंबईला निघालेला माणूस रात्री आठच्या आधी घरी टेकत नाही. इथून सीएसएमटी सुमारे ६८ किलोमीटर, म्हणजे नुसत्या प्रवासात एका बाजूला दीड तास जातो. अंबरनाथ आणि उल्हासनगरच्या नोकरदारांचं वेळापत्रकही याच चालीचं. नवरा-बायको दोघं कामावर, मुलं शाळा-क्लासला, आणि घरात पाळलेलं कुत्रं. धडधाकट मोठं कुत्रं सहा ते आठ तास लघवी रोखून धरू शकतं. पिलाचा ढोबळ हिशेब महिन्याला एक तास असा धरतात, म्हणजे तीन महिन्यांच्या पिलाला तीन तास. बारा तास कुणालाच जमत नाहीत. मग एकतर ते घर घाण करतं आणि संध्याकाळी ओरडा खातं, नाहीतर त्याला सकाळीच अंगणात साखळीला बांधून जातात आणि ते एप्रिलच्या उन्हात किंवा जुलैच्या झडीत दिवस काढतं.

यावर थंडीच्या देशांनी काढलेला तोडगा म्हणजे दाराच्या किंवा भिंतीच्या तळाशी कुत्र्यापुरती एक झडप. नाकाने ढकललं की उघडते, कुत्रं पलीकडे गेलं की आपोआप मिटते. कॅनडा-अमेरिकेत राहणाऱ्या नातेवाइकांच्या घरी अनेकांनी ती पाहिली असेल. आपल्याकडेही बदलापूरच्या रो-हाउसमध्ये, बारवीच्या वाटेवरच्या बंगल्यांमध्ये आणि मोठ्या टेरेसच्या फ्लॅटमध्ये आता तिची चौकशी होऊ लागली आहे. झडप विकत मिळते, सुतार अर्ध्या दिवसात ती बसवूनही देतो. तरीही सुताराला बोलावण्याआधी ही झडप नेमकं काय काम करते, हे समजून घ्यायला हवं. थंडीच्या देशांत तिच्यापुढे जे संकट आहे ते इथे नाही आणि इथली संकटं तिच्या मूळ देशाने पाहिलेली नाहीत.

जुनी गरज

जनावरासाठी दारात भोक ठेवणं नवं नाही. इंग्लंडमधल्या एक्झेटर कॅथेड्रलमध्ये खगोलीय घड्याळाच्या खालच्या दाराला तळाशी एक गोल भोक आहे. बिशपच्या मांजरीसाठी ते १५९८ साली सुताराकडून पाडून घेतलं, असं तिथे सांगतात. घड्याळाच्या दोरांना प्राण्यांची चरबी लावत, ती खायला उंदीर येत आणि उंदरांच्या मागे मांजरीला आत जाता यावं म्हणून ही सोय. आपल्या वाड्यांच्या आणि गडांच्या दरवाजातली दिंडीही याच विचारातून आली. मोठा दरवाजा बंद ठेवायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्यापुरतीच वाट उघडायची. मोठं दार उघडलं की हवं ते आणि नको ते दोन्ही आत येतं. छोट्या दाराचं कसब हवं त्यालाच आत घेण्यात आहे. कुत्र्याच्या दाराची पारखही याच कसोटीवर करायची.

उणे वीस अंशांत भोक पाडताना

कॅनडातल्या विनिपेगमध्ये जानेवारीचं सरासरी तापमान उणे १६ अंशांच्या आसपास असतं. एखाद्या रात्री बाहेर उणे २० आणि घरात २० अंश आहेत, असं धरू. फरक ४० अंशांचा. लॅब्रेडॉरसारख्या कुत्र्यासाठी २५ बाय ४० सेंटिमीटरचं भोक लागतं, म्हणजे एक दशांश चौरस मीटर. त्यावर प्लॅस्टिकची एकेरी झडप असेल तर झडपेच्या अंगातून बाहेर झिरपणारी उष्णता साधारण २२ वॅट भरते. एका लहानशा दिव्याइतकी. एवढ्यासाठी कुणी चिंता करत बसणार नाही.

खरी गळती कडेने होते. झडप आणि चौकट यांच्यात सगळ्या बाजूंनी फक्त तीन मिलिमीटरची फट राहिली, तरी १३० सेंटिमीटरच्या घेरात मिळून ३९ चौरस सेंटिमीटरचं उघडं भोक तयार होतं. गरम हवा हलकी असल्यामुळे ती घरात वर चढते आणि माळ्याच्या, छताच्या फटींतून निसटते. तिची जागा भरायला तळाच्या फटींतून बाहेरची गार हवा आत खेचली जाते. घर जितकं उंच आणि तापमानातला फरक जितका मोठा, तितकी ही ओढ जोरकस. कुत्र्याचं दार तर बरोबर तळाशी, जिथे ओढ सगळ्यात जास्त. दुमजली घरात त्या तीन मिलिमीटरच्या फटीतून दर सेकंदाला सहा लिटरच्या आसपास गार हवा आत येते आणि ती तापवायला सुमारे ३०० वॅट लागतात. आपल्याकडचे छताचे चार पंखे सतत चालवायला लागेल एवढी ही वीज. हिशेब ढोबळ असला तरी त्यातून निघणारी गोष्ट पक्की आहे: झडप जाड की पातळ याहून तिच्या कडा किती घट्ट बसतात, याला कितीतरी पट जास्त महत्त्व आहे.

म्हणून थंडीच्या देशातली चांगली झडप कडांवर मेहनत घेते. तळाला लोहचुंबकाची पट्टी असते, ती झडपेला मधोमध खेचून धरते. दोन्ही अंगांना ब्रशसारखी किंवा नमद्याची पट्टी असते. एकामागे एक दोन झडपा बसवून मध्ये हवेचा कप्पा ठेवतात. बाजारात मिळणाऱ्या साध्या मऊ प्लॅस्टिकच्या झडपा कडाक्याच्या थंडीत ताठरतात, मग त्या नीट मिटतही नाहीत आणि कधीकधी तडकतात. घरातली दमट हवा गार चुंबकाला लागली की तिथे दव धरतं, गोठतं आणि सकाळी झडप चौकटीला चिकटून बसलेली सापडते. वाऱ्याच्या तोंडाशी ती बसवत नाहीत, आणि बर्फाच्या थराखाली जाऊ नये म्हणून बाहेरच्या जमिनीपासून पुरेशी वर ठेवतात.

या सगळ्यात सर्वांत शहाणपणाची युक्ती मात्र झडपेत नाही, जागेत आहे. तिकडच्या अनेक घरांत बाहेरचं दार आणि राहती खोली यांच्या मध्ये एक छोटी खोली असते. बर्फाचे बूट, ओले कोट, फावडी तिथेच राहतात. कुत्र्याची झडप राहत्या खोलीतून या मधल्या खोलीत उघडतात आणि बाहेर जायची दुसरी झडप पलीकडच्या भिंतीत बसवतात. कुत्रं एक झडप ओलांडतं, मध्ये थांबतं, मग दुसरी ओलांडतं. दोन्ही एका वेळी उघड्या राहत नाहीत. गार वारा मधल्या खोलीतच अडतो.

ही मधली खोली आपल्याला अनोळखी नाही. कोकणातल्या घराची पडवी तीच. पावसाचं पाणी, चिखलाचे पाय आणि परका माणूस माजघराच्या आधी जिथे थांबतो, ती जागा.

इथला शत्रू वेगळा

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात थंडी हा प्रश्नच नाही. समुद्रापासून आत असल्यामुळे बदलापूरचा पारा हिवाळ्यात मुंबईपेक्षा खाली उतरतो, पण १२-१३ अंशांच्या पहाटेत कुणाचं घर गोठत नाही. उन्हाळ्यात मात्र तो चाळिशी ओलांडतो. एसी लावलेल्या खोलीत हवेचा खेळ उलटा होतो. गार हवा जड, ती खाली साचते आणि तळाच्या फटीतून बाहेर सांडते. बाहेरची तापलेली हवा वरच्या फटींतून आत शिरते. तापमानातला फरक चौदा-पंधरा अंशांचा असल्यामुळे नुकसान विनिपेगच्या मानाने थोडकं होतं. तरीही कुत्र्याची झडप थेट एसीच्या खोलीतून बाहेर उघडू नये, एवढं यातून घ्यावं.

आपली मोठी संकटं चार आहेत.

पहिलं पाणी. मलंगगड आणि माथेरानच्या डोंगरांना अडणारा पाऊस इथे चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, आणि तो सरळ खाली पडत नाही, वाऱ्याबरोबर आडवा येतो. मऊ प्लॅस्टिकची झडप अशा झोडपणाऱ्या सरीत आत-बाहेर फडफडते आणि प्रत्येक फडफडीला ओंजळभर पाणी आत टाकते. उल्हास नदीच्या काठच्या वस्त्यांना तर यापुढचा विचार करावा लागतो. २६ जुलै २००५ चा पूर इथे कुणी विसरलेलं नाही. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजाराहून जास्त प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. अशा पाण्यात तळाशी असलेलं भोक म्हणजे पाण्याला दिलेली वाट. त्याहून मोठा धोका साखळीचा. पुराच्या इशाऱ्यानंतर कुत्रं खाली बांधून घर सोडणं म्हणजे त्याला बुडायला ठेवणं. ते वरच्या मजल्यावर न्यावं, नाहीतर सोबत घ्यावं.

दुसरं संकट उंदीर आणि त्यांच्यामागे येणारे साप. मोठ्या उंदरालाही पाऊण-एक इंचाची फट पुरते, छोट्या उंदराला करंगळीएवढीही चालते. कुत्र्याच्या भांड्यात उरलेला भात किंवा दाणे त्याला लांबून ओढून आणतात. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, तो कुत्र्याला होतो आणि माणसालाही. उंदराच्या वासावर नाग आणि घोणस येतात. मण्यार रात्री फिरते, बहुतेक वेळा तिच्या दंशाची फारशी वेदनाही होत नाही आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला कळायच्या आत विष चढलेलं असतं. शेतं, ओढे आणि नव्या बांधकामांचे ढिगारे शेजारी असलेल्या या भागात पावसाळ्यात घरात साप निघणं नवलाचं नाही. रात्री सैलसर मिटणारी झडप इथे अजिबात परवडणारी नाही.

तिसरं संकट बिबट्या. बारवी धरणाचं जंगल, कोंडेश्वर, भोज आणि चंदेरीच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना हे सांगायला नको. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये कल्याण पूर्वेतल्या एका इमारतीतच बिबट्या शिरला होता. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात बिबट्याच्या आहाराचा अभ्यास केला. तिथे बिबट्याने खाल्लेल्या भक्ष्याच्या वजनात जवळपास ३९ टक्के वाटा पाळीव आणि गावातल्या कुत्र्यांचा निघाला. जंगलाच्या कडेच्या घरात रात्री मोकळी राहणारी झडप कुत्र्याला बाहेरच्या अंधारात सोडते, आणि बाहेरच्याला आत यायची वाटही दाखवते.

चौथं संकट माणसांचं आणि भटक्या कुत्र्यांचं. झडपेतून हात घालून आतली कडी काढता आली, तर कुलूप कितीही भारी असलं तरी उपयोग नाही. आणि उन्हाळ्यात पाण्याच्या, खाण्याच्या वासाने गल्लीतली कुत्री-मांजरं झडपेतून सहज आत येतात. त्यांच्यात एखादं पिसाळलेलं असलं तर घरच्या कुत्र्याला आणि मुलांना रेबीजचा धोका. हा आजार लक्षणं दिसू लागल्यावर जवळजवळ नेहमीच जीव घेतो. म्हणून ज्या घरात झडप आहे, त्या घरच्या कुत्र्याला रेबीज आणि लेप्टोची लस वेळेवर हवीच. यात सवलत नाही.

जागा कुठली?

वरची चारही संकटं एकत्र ठेवून पाहिली की जागा आपोआप ठरते. कुत्र्याची झडप घराच्या बाहेरच्या दारात बसवू नये. ती राहत्या खोलीतून बंदिस्त पडवीत उघडावी. पडवीला वर छप्पर, तिन्ही बाजूंना बारीक जाळी, तळाला गुडघाभर उंच बांधीव कठडा आणि पाणी वाहून जायला जाळीदार मोरी. कुत्र्याला हवा, ऊन, लघवीची सोय सगळं तिथे मिळतं. पाणी, साप, बिबट्या, चोर आणि भटकी कुत्री यांची गाठ आधी पडवीशी पडते.

प्रत्येक शहरात ही पडवी वेगळ्या रूपात सापडते. उल्हासनगर दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीवर उभं राहिलं. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी तिथल्या बराकी आपल्या केल्या आणि १९४९ मध्ये शहराला नाव मिळालं. तिथल्या कॅम्पांच्या गल्ल्यांत घरं एकमेकांना खेटून, पुढचं दार थेट रस्त्यावर. अशा घरात खालच्या मजल्यावर झडपेचा विचार सोडलेलाच बरा, गच्चीच्या जिन्याचं दार हीच खरी जागा. अंबरनाथच्या चाळी आणि कारखान्यांच्या वसाहतींतल्या बैठ्या घरांना मागे छोटं अंगण किंवा मोरीचा भाग असतो. त्याला जाळी लावली की पडवी तयार होते. फ्लॅटमध्ये हॉलमधून ड्राय बाल्कनीत उघडणारी झडप चालते, पण ग्रिलच्या सळ्यांमधून पिलाचं डोकं जाणार नाही ना, हे आधी पाहायचं. बाल्कनीत लघवीसाठी ट्रे ठेवला तर धुण्याचं पाणी मोरीतच गेलं पाहिजे, खालच्या मजल्याच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर नाही. पश्चिमेची बाल्कनी एप्रिलच्या दुपारी भट्टी होते. कुत्रं घामाने नाही, जीभ बाहेर काढून धापा टाकत अंग थंड करतं, त्यामुळे चपट्या नाकाचा पग किंवा दाट केसांचा हस्की तिथे तासभरही टिकणार नाही. झडप असली की तो स्वतःहून आत सावलीत येतो, हाच तिचा मोठा फायदा.

बदलापूरच्या रो-हाउस आणि बंगल्यांत मागच्या बाजूला पडवी काढायला जागा असते. झडप बसवायचा खर्च करण्याआधी पडवीच्या जाळीवर खर्च करावा.

माप घेणं

झडपेचं माप कुत्र्याच्या जातीवरून घेऊ नये, कुत्र्यावरून घ्यावं. कुत्र्याला सपाट जमिनीवर उभं करायचं. मान जिथे पाठीला मिळते तिथे खांद्याचा उंचवटा असतो, तिथून जमिनीपर्यंतची उंची मोजायची. झडपेची वरची कड याहून तीन-चार सेंटिमीटर वर हवी. छातीची सर्वांत रुंद जागा मोजून त्यात पाच सेंटिमीटर मिळवले की भोकाची रुंदी निघते. खालची कड पोटाच्या खाली राहिली पाहिजे, म्हणजे कुत्र्याला उडी न मारता पाय उचलून जाता येतं. म्हाताऱ्या, सांधे दुखणाऱ्या कुत्र्यासाठी ही कड आणखी खाली घ्यावी. पिलासाठी मोठेपणीच्या मापाने भोक पाडून आतल्या बाजूला तात्पुरती पायरी द्यावी.

माप कागदावर राहू देऊ नये. टीव्ही किंवा फ्रिज आलेला मोठा पुठ्ठ्याचा खोका घ्यावा, त्यात हेच भोक कापावं, तो दारात उभा धरावा आणि पलीकडून कुत्र्याला बोलवावं. पाठ घासली, मागचे पाय अडखळले, ते मान वाकडी करून शिरलं, तर माप चुकलेलं आहे. पुठ्ठा पुन्हा कापता येतो, सागवानी दार नाही.

दार कापताना

दार कशाचं आहे ते आधी ओळखायचं. बाथरूमला असतात तशी पीव्हीसीची पोकळ दारं कापू नयेत, ती झडपेचा भार पेलत नाहीत. सागवानी पॅनलच्या दाराला खालचं पॅनल काढून तिथे झडपेची चौकट बसवली की काम सुबक होतं. बहुतेक फ्लॅटमध्ये असतं ते फ्लश डोअर, वरून गुळगुळीत प्लाय आणि आत लाकडाच्या पट्ट्या. ते कापलं की आतलं कच्चं लाकूड उघडं पडतं, आणि पावसाळ्यात तेच पाणी पिऊन फुगतं. दार घासायला लागतं, झडप तिरकी होते. म्हणून कापलेल्या चारही कडांना लाकडाची पट्टी मारून, वॉटरप्रूफ फेविकॉल लावून, दोन हात प्रायमर आणि वर रंग दिल्याशिवाय झडपेची चौकट बसवू देऊ नये. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातला कुठलाही जाणता सुतार हे काम जाणतो. घाईत हीच पायरी सुटते, म्हणून ती आपण उभं राहून करून घ्यावी.

भिंतीत भोक पाडायचं असेल तर भिंत कुठली, ते इंजिनीअरला विचारायचं. नव्या टॉवरमधल्या काँक्रीटच्या भिंती इमारतीचा भार वाहतात, त्यांना हात लावायचा नाही. रो-हाउसची विटांची नऊ इंची भिंत चालते. भोकाच्या वर आणि खाली कडप्पा बसवावा. खालचा कडप्पा बाहेरच्या बाजूला उतरता, भिंतीच्या दोन बोटं बाहेर काढलेला, आणि त्याच्या खालच्या अंगाला बोटभर खाच मारलेली असावी. ओघळणारं पाणी खाचेपाशी येऊन तिथूनच ठिबकतं, भिंतीकडे परत वळत नाही. वरच्या बाजूला हातभर पत्र्याची किंवा काँक्रीटची झाप काढली की आडव्या सरीचा जोर मोडतो. आतलं बोगद्यासारखं अंतर पत्र्याने किंवा प्लॅस्टिकने पूर्ण मढवून सांधे सिलिकॉनने भरावेत, नाहीतर ओल विटांत शिरते आणि पुढच्या पावसाळ्यात आतला गिलावा सुटतो.

झडप कडी-कुलुपापासून किमान दोन हात, म्हणजे ७५ ते ९० सेंटिमीटर लांब हवी. आणि आतून सरकवून घट्ट बंद होणारी पत्र्याची किंवा जाड अ‍ॅक्रिलिकची पाटी तिच्यासोबत असायलाच हवी. कॉलरमधल्या टॅगने किंवा कुत्र्याच्या मानेखालच्या मायक्रोचिपने उघडणाऱ्या झडपाही मिळतात. १५ अंकी क्रमांकाची ती तांदळाएवढी चिप ओळखून झडप फक्त आपल्याच कुत्र्याला वाट देते. भटक्या मांजरांचा त्रास असेल तिथे हा खर्च उपयोगी आहे. मात्र वीज गेल्यावर ती उघडी राहते की बंद, हे घेण्याआधी दुकानातच तपासून पाहावं.

उदबत्तीची आणि पाण्याची परीक्षा

काम झालं की सुताराचे पैसे चुकते करण्याआधी दोन परीक्षा घ्याव्यात.

पहिली उदबत्तीची. घरातले पंखे बंद करावेत, खिडक्या मिटाव्यात, एक उदबत्ती पेटवून झडपेच्या कडेने अगदी सावकाश फिरवावी. धूर सरळ वर जात असेल तर कड बसली आहे. एखाद्या ठिकाणी तो आडवा वळला, आत ओढला गेला किंवा बाहेर लोटला गेला, तर तिथे फट आहे. पेन्सिलने खूण करावी आणि त्या जागी नमद्याची किंवा रबराची पट्टी बदलून घ्यावी. पहाटे बाहेर गार आणि घर अजून उबदार असताना ही परीक्षा केली तर धुराची वळणं जास्त स्पष्ट दिसतात. थंडीच्या देशातले तंत्रज्ञ धूर सोडणाऱ्या पेन्सिलीने हेच करतात.

दुसरी परीक्षा पाण्याची. एकाने आत कोरडा वर्तमानपत्राचा कागद झडपेच्या पायाशी पसरून बसावं, दुसऱ्याने बाहेरून पाइपने आडवा फवारा मारावा. आधी मध्यभागी, मग दोन्ही खालच्या कोपऱ्यांवर. कागदावर ओलसर डाग उमटला की कुठली बाजू कच्ची ते कळतं. ही परीक्षा मे महिन्यातच उरकावी. पहिल्या पावसात ती करायची वेळ आली तर दुरुस्तीला उसंत मिळत नाही.

कुत्र्याला शिकवणं

झडप बसली की बहुतेक कुत्री पहिल्या दिवशी तिला घाबरतात. डोळ्यांसमोर हलणारी, पाठीवर आपटणारी ही वस्तू त्यांना भिंतच वाटते. सुरुवातीला झडप वर बांधून नुसतं भोक उघडं ठेवावं आणि पलीकडे आवडीचा खाऊ धरून नाव घेऊन बोलवावं. दोन्ही दिशांनी. ते निर्धास्त झालं की झडपेच्या जागी जुन्या टॉवेलचा पडदा लावावा. मग झडप अर्धी खाली, मग पूर्ण. कुत्र्याला धरून ढकलू नये. एकदा धसका घेतला की पुढचे कितीतरी दिवस वाया जातात. शेपूट चिमटली जाऊ नये म्हणून झडपेच्या कडा मऊ आहेत ना, तेही पाहावं. रांगतं मूल घरात असेल तर आतली पाटी बंदच ठेवावी, कारण कुत्रं जाईल तिथून मूलही जाऊ शकतं.

पाटी बंद करण्याची वेळ ठरवून ठेवावी. दिवेलागणीला पडवीचं दार, मग झडपेची पाटी, दोन्ही बंद. पावसाळ्यात आणि जंगलाच्या कडेला राहणाऱ्यांनी तर हा नियम एकही दिवस मोडू नये. चुंबकाच्या पट्टीवर लोखंडाचा कीस आणि गंज साचतो, तो दर महिन्याला पुसावा. पावसाळ्याआधी रबर आणि नमदा बदलावा.

कायदा आणि कर्तव्य

१९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमानुसार जनावराला आखूड किंवा जड साखळीने वाजवीपेक्षा जास्त वेळ बांधून ठेवणं गुन्हा आहे. नेहमी बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला व्यायाम न देणं हाही त्याच कलमाखाली गुन्हा ठरतो. दुसऱ्या बाजूने भारतीय न्याय संहितेचं २९१ वं कलम सांगतं की पाळीव प्राण्यापासून दुसऱ्याच्या जिवाला धोका होणार नाही याची काळजी मालकाने घ्यायची, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. सोसायटीच्या सामायिक पॅसेजमध्ये उघडणारी झडप म्हणूनच चुकीची. मालक घरात नसताना आपलं कुत्रं शेजारच्या मुलासमोर एकटं सोडण्याचा हक्क कुणालाच नाही.

झडप बसवल्याने फिरवणं संपत नाही. कुत्र्याला वास घेत चालायला, दुसऱ्या कुत्र्यांना लांबून ओळखायला आणि मालकाबरोबर घराबाहेर पडायला मिळालंच पाहिजे. सकाळी लोकलच्या आधी वीस मिनिटं आणि रात्री जेवणानंतर अर्धा तास, हे वेळापत्रक झडप असलेल्या घरातही तसंच राहायला हवं. झडप मधल्या बारा तासांची लाज, दाब आणि साखळी काढून घेते. तेवढ्यासाठी ती लावण्यासारखी नक्कीच आहे.

तेव्हा ज्याला घरात ही सोय करायची आहे, त्याने सुरुवात पडवीपासून करावी. मग जाळी आणि मोरी, मग पुठ्ठ्यावर घेतलेलं माप, मग झडप आणि शेवटी उदबत्ती. या क्रमाने गेलं तर थंडीच्या देशाची ही युक्ती बदलापूरच्या पावसातही कामाला येईल, आणि दिवसभर घर सांभाळणाऱ्या मुक्या जनावराला दिवसाचा थोडा वेळ स्वतःच्या मनाने आत-बाहेर करता येईल.